शेवटचे साठ मीटर

मंतशा हरली याचं सकीनाला एवढं लागलं नसतं. मैदान म्हटलं की कुणीतरी हरतंच. पण रेषा ओलांडून चार पावलं पुढे गेल्यावर मंतशा गुडघ्यांवर हात टेकून वाकली, धापा टाकत तिनं बाजूला पाहिलं, आणि जिनं तिला आत्ताच मागे टाकलं होतं त्या पोरीकडे बघून ती हसली. दात दाखवून, मनापासून. ती पोरही हसली. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून लटपटत्या पायांनी गवताकडे गेल्या आणि एकाच बाटलीतलं पाणी आळीपाळीनं प्यायल्या. आणि सकीना शेख, वय त्रेपन्न, जळगावच्या एका शाळेतली क्रीडाशिक्षिका, धुळ्याच्या त्या मैदानाचा कठडा धरून तशीच उभी राहिली. हसते काय? हसण्यासारखं इथे घडलं काय?

घडलं होतं ते असं. राज्य स्पर्धेसाठी मुलींचा संघ निवडायचा होता आणि त्याची चाचणी धुळ्याला ठेवली होती. आठशे मीटरला जागा एकच. पहिली येईल ती जाणार, बाकीच्यांनी घरची एसटी पकडायची. ह्या एका जागेसाठी सकीनानं दोन वर्षं घातली होती. रोज सकाळी सहाला मेहरूण तलावाच्या बांधावर, डिसेंबरात हात बगलेत दाबून, मे महिन्यात ऊन डोक्यावर यायच्या आत, शिट्टी तोंडात धरून ती ह्या पोरीच्या मागे सायकल हाकत आली होती. पोर गुणी होती, टांगा लांब, छाती भक्कम. आजची पहिली फेरी तिनं सांगितल्याबरहुकूम तिसऱ्या जागेवर काढली, दुसऱ्या फेरीत दोघींना मागे टाकलं, आणि शेवटच्या वळणातून बाहेर पडली तेव्हा तिच्यापुढे कुणीच नव्हतं. मागे होती ती एकच, शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याची सोनल पावरा, बारीक चणीची, बाहेरच्या बाजूनं मुसंडी मारत येणारी. साठ मीटर उरले होते. सकीना कठड्यावर ओणवी होऊन ओरडली, "बाहेर घे! अडव तिला!" मंतशाला ते ऐकू गेलं. तिनं मान किंचित वळवून पाहिलंसुद्धा. आणि मग ती आपली आतल्या पट्ट्यात, दोरी सोडल्यासारखी सरळ पळत राहिली. सोनल बाजूनं निघून गेली. हातभर अंतर, फार तर दीड हात.

निकाल लिहून घेणाऱ्यांच्या टेबलाशी चहा आला तेव्हा प्रेमराज सर भेटले. धुळ्याच्याच एका शाळेत तीस वर्षं पोरं पळवून आता निवृत्त झालेला, पोट सुटलेला, पण जुन्या मैदानी माणसाची मान अजून ताठ असलेला माणूस. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "मॅडम," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "पोरगी तुमची चांगली आहे. पण आग नाही हो. एकातही नाही. माझ्या वेळचे पोरं हरले तर दोन दिवस जेवायचे नाहीत. हे हरल्यावर फोटो काढतात." सकीनाला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याच मनातलं बोलत होतं. तीही सुटली. म्हणाली, "सराव बुडवायचा तर ह्यांना चुलतबहिणीची मेंदी पुरते. पाय दुखतोय म्हणतात आणि संध्याकाळी तोच पाय नाचताना मोबाइलवर दिसतो. परवा एक मुलगा मला विचारतो, मॅडम, भाग घेतला तरी सर्टिफिकेट मिळतं ना? मिळतं म्हटलं. मग म्हणतो, मग ठीक आहे." प्रेमराज सर खदखदून हसले. "आपण उपाशी होतो मॅडम, म्हणून पळालो. ह्यांची पोटं भरलेली. भरल्या पोटानं कोण पळतं?" हे वाक्य ऐकताना सकीना मान हलवत होती, आणि मान हलवता हलवताच तिची नजर गवताकडे गेली. तिथे सोनल बसली होती. अनवाणी. शर्यतीसाठी कुणाचे तरी मागून घेतलेले बूट तिनं परत देऊन टाकले होते आणि फडक्यातली भाकरी ती मंतशाला मोडून देत होती. तिचं पोट कुठलं भरलेलं? आणि तरी हसत तीही होतीच, अगदी तशीच. जिंकली म्हणून हसत असेल म्हणावं तर जिंकलेलीचं आणि हरलेलीचं हसू वेगळं करता येत नव्हतं. प्रेमराज सरांचं गणित तिथल्या तिथे चुकत होतं आणि त्याचाही सकीनाला राग आला. एक साधं कारण सापडलं होतं, तेही टिकू नये!

सामान उचलायला ती गवताकडे गेली तर सोनलचा बाप, वेस्ता, उठून उभा राहिला. डोक्याला पंचा, हातात पोरीची पिशवी. पहाटे चारला डोंगराखालून निघून दोन गाड्या बदलून आलेला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुमनी पोर भलती पयस."

"पळून काय उपयोग भाऊ," सकीना म्हणाली, "नंबर तर तुमच्या पोरीचा आला."

वेस्ताला त्यात काही टोचलं नाही. तो आपल्याच विचारात होता: जळगावची पोर जोडीला होती म्हणूनच आपली एवढी पळाली. "जळगावनी पोर संगे होती म्हनीसन मनी पोर इतली पयनी," तो म्हणाला. "घर एकलीच पयस ती, ढोरंसना मांगे. दोन्ही पोरी भारी शेतस."

सकीना वळली. मंतशाला म्हणाली, "बॅग उचल. सव्वातीनची गाडी आहे."

एसटीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची, जिथे पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं. मंतशा खिडकीला. शाळा मराठी माध्यमाची, आणि मैदानावर सगळ्याच पोरींना कळावं म्हणून सकीना मराठीतच ओरडायची. आता मंतशाशी एकटीशी बोलतानाही मराठीच तोंडात येई. पण धुळ्याच्या स्टँडपासून फागणे मागे पडेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. तिला वाटत होतं, हे न बोलणं पोरीला कळेल, झोंबेल, खाली मान घालून ती रडायला लागेल. रडली असती तर सकीनानं तिच्या पाठीवर हात ठेवला असता. खरं तर तेवढ्यासाठीच ती थांबली होती. पण मंतशानं डबा उघडला. अम्मीनं दिलेले खिम्याचे पराठे. एक स्वतः घेतला, एक पुढे केला. "मॅडम, घ्या ना. सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही." सकीनानं नको म्हणून हात हलवला. मंतशानं दोन्ही खाल्ले, बोटं पुसली, मोबाइल काढला आणि काहीतरी बघून पुन्हा गालात हसली. सकीनानं तिरक्या नजरेनं पाहिलं. सोनलचा निरोप होता, बापाच्या मोबाइलवरून पाठवलेला. गवतावर बसलेल्या दोघींचा फोटो. म्हणजे तिथे फोटोही काढला होता! प्रेमराज सर तंतोतंत बरोबर होते.

बाहेर कापसाची शेतं होती, वेचणी झालेली, झाडांवर चुकार बोंडं राहिलेली. कापूस दिसला की सकीनाला अब्बा आठवायचेच, त्याला इलाज नव्हता. अब्बा पिंजारी होते. गाद्या, रजया भरायचे. दुकानात टांगलेल्या, कापूस पिंजायच्या कमानीचा तो टुंग् टुंग् आवाज आणि अब्बांच्या भुवयांवर, पापण्यांवर, दाढीवर बसलेली कापसाची भुरी, जणू कुठल्या थंड मुलखातून चालत आलेला माणूस. कमी बोलायचे. आवाज कधी चढवला नाही. सकीना आठवीत असताना शाळेतले झुलाल सर दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते आणि म्हणाले होते, चाचा, पोरगी पळते, तिला धुळ्याला नेऊ द्या. अब्बांनी बराच वेळ कमान चालू ठेवली. मग थांबवली. सरांना काही न म्हणता ते आत बघून म्हणाले, "जीत के आई तो अगली बार भी जाना. हारी तो बस. घर में बैठना." सरांना तो होकार वाटला, ते खुशीत गेले. सकीनालाही होकारच वाटला होता. तिला केवढा आनंद झाला होता! सलवारीला खाली दोरी बांधून, ओढणी कमरेला करकचून आवळून ती अंगणात दोन तास उड्या मारत होती. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिच्या लक्षात आला तो धुळ्याला, रेषेवर उभी राहिल्यावर. शेजारी सात मुली होत्या आणि सकीनाला त्या मुली दिसल्याच नाहीत. तिला घराचं दार दिसलं, आतून लावलेलं. पिस्तुलाचा बार झाला आणि ती जी सुटली ती त्या दारापासून सुटली. लोक नंतर म्हणायचे, काय जिद्द आहे पोरीत! झुलाल सर चारचौघांत सांगायचे, ही हरायला जन्मलीच नाही. खरंच होतं ते. प्रत्येक शर्यत ती पुढच्या शर्यतीसाठी पळाली. जिंकल्यावर हसायची शुद्ध कुणाला असायची? जिंकल्यावर फक्त छातीवरचा धोंडा थोडा सैल व्हायचा, पुढचं बोलावणं येईपर्यंत.

आणि ह्या पोरीला काय आहे? हिचा बाप हसीब मोबाइल दुरुस्त करतो, त्याच मोहल्ल्यात, अब्बांच्या जुन्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तो रोज सकाळी पोरीला मोटारसायकलवर बसवून तलावावर सोडतो. सोडतो तो सोडतो, वर बांधावर उभा राहून तिचे व्हिडिओ काढतो. एकदा सकीनानं मुद्दाम विचारलं होतं, पोरगी हरली तर काय करशील रे? हसीब गोंधळून म्हणाला होता, "क्या करूँगा मॅडम? घर ले जाऊँगा." घर ले जाऊँगा! सकीना त्या उत्तरानं दिवसभर चिडचिडत होती. असा बाप असल्यावर पोरीत कुठून यायची जिद्द? ह्यांच्या पाठी कुणी लागलेलंच नाही. कुठलं दार लागत नाही, काही नाही. पळा, हरा, पराठे खा.

पारोळ्याला गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. शेवटी तिलाच राहवेना.

"एवढी कसली घाई होती तुला हरायची?"

मंतशानं मोबाइल उपडा ठेवला. "हरायची घाई?"

"शेवटचे साठ मीटर. मी ओरडत होते ते ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"मग?"

"मी पळत होते मॅडम. पूर्ण पळत होते. दोन एकवीस लागले. आधी माझे दोन चोवीस होते." ती हे एखादी चांगली बातमी राखून ठेवावी आणि मग द्यावी तसं बोलली. "तुम्ही बघितलं नाही का?"

सकीनानं बघितलं नव्हतं. घड्याळ तिनं रेषेवर दाबलं होतं, सवयीनं, आणि तसंच खिशात टाकलं होतं. आठशेमध्ये तीन सेकंद आळशी पोरीच्या हातून कमी होत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती गोष्ट आत कुठेतरी खटकन लागली आणि त्यामुळे तिचा आवाज उलट चढला. "घड्याळाला कोण विचारतं? टेबलावर पहिलं नाव कुणाचं लागलं ते सांग. ती बाहेरून येत होती. तुला फक्त अर्धं पाऊल बाहेर सरकायचं होतं. कोपर जरा उघडायचं. एवढं दोन वर्षांत शंभरदा सांगितलंय."

"ती अगदी चिकटून होती मॅडम. मी सरकले असते तर ती पडली असती."

"पडली असती तर पडली असती!"

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मागे वळून आधी सकीनाकडे आणि मग, जरा कीव येऊन, मंतशाकडे पाहिलं. सकीनानं तोंड फिरवलं. कान गरम झाले होते. शब्द तिचेच होते, पण ते बाहेर पडल्यावर कुठूनतरी ओळखीचे वाटले, जणू ती ते मोठ्यानं आजच म्हणाली होती आणि मनात मात्र फार वर्षं म्हणत आली होती.

कुंदा पडली होती. रावेरकडची कुंदा महाजन, गोरीपान, कपाळावर गोंदलेला ठिपका. सत्त्याऐंशी साल, हेच धुळं. आदल्या संध्याकाळी मुलींना एका शाळेच्या वर्गात उतरवलं होतं आणि सतरंजी कमी पडली म्हणून दोघी एकीवर बसल्या होत्या. कुंदानं केळीच्या पानात बांधलेल्या दशम्या सोडल्या, सकीनानं अम्मीची चटणी काढली. कुंदाला बोलायला फार लागायचं. बोलता बोलता म्हणाली, "आमचे आबा म्हणतात, ह्यावेळी नंबर आला तर बघू. नाहीतर स्थळ पाहून ठेवलंय." आणि दशमीचा घास तसाच धरून ती हसली होती. सकीना म्हणाली होती, "माझे अब्बापण तसंच म्हणतात." मग दोघी एकमेकींकडे बघायच्या बंद झाल्या. सतरंजी तीच, पण मधे वीतभर जागा झाली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर कुंदा तिच्या खांद्याला खांदा लावून आली. श्वास ऐकू येत होता, मुलीचा श्वास, किंचित शीळ घातल्यासारखा. सकीनानं अर्धं पाऊल बाहेर टाकलं. कोपर उघडलं. ते मऊ लागलं, बरगडीखाली. मग शीळ थांबली. लोकांमधून हाऽ असा आवाज आला. सकीनानं मागे पाहिलं नाही. पंचांनी हरकत घेतली नाही, कुंदाच्या सरांनीही नाही, पोरी अडखळतातच. पदक गळ्यात पडेपर्यंत तिला कुंदा दिसत होती, मैदानाच्या कडेला गुडघा धरून बसलेली, रडत नसलेली, नुसती सकीनाकडे बघत असलेली. पुढच्या वर्षी रावेरहून दुसऱ्याच मुली आल्या. सकीनानं विचारलं नाही. नंतर दोनदा निवडणुकीच्या कामावर तिला रावेर मिळालं. मतदारांची नावं वाचताना प्रत्येक कुंदाबाईपाशी तिचं बोट अडायचं, आणि चष्मा पुसून ती पुढे सरकायची. कुणाकडे म्हणून चौकशी केली नाही. विचारायचं तरी काय होतं? माझ्या कोपरानं तुझं काय झालं, असं?

"मॅडम." मंतशा हळूच म्हणाली. घाबरली नव्हती, पण जपून बोलत होती, जसं आजारी माणसाशी बोलतात. "सॉरी. तुम्हाला वाईट वाटलं."

"मला वाटायचं काय त्यात. नुकसान तुझं आहे."

"हो." तिनं ते मान्य केलं. खिडकीच्या गजावर कपाळ टेकून थोडा वेळ बाहेर पाहत राहिली. "मला जायचं होतं राज्याला. खूप जायचं होतं. वळणावर वाटलं, झालं आता, मीच. मग ती आली." ती थांबली. तिच्या हनुवटीशी काहीतरी हललं. धुळ्यापासून सकीना ज्याची वाट पाहत होती तेच ते होतं, आणि आता दिसलं तर तिला ते बघवेना. "मी जोर लावला मॅडम. नव्हताच उरला. तिच्यात होता."

एवढं सरळ वाक्य सकीनानं मैदानावर कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. हरलेली माणसं बूट, वारा, पंच, पोटदुखी असं काहीतरी सांगतात. तिला वाटलं होतं ही बेफिकीर आहे. बेफिकीर असती तर बरं झालं असतं, शिव्या घालता आल्या असत्या. हिला जिंकायचं होतं आणि तरी ही हसली, ह्याचं काय करायचं? चिडायला आता धड जागा उरली नव्हती आणि चीड मात्र होती तेवढीच होती, भांड्यावाचून उकळत असलेल्या पाण्यासारखी.

एरंडोल गेलं. ऊन पिवळं झालं. मंतशानं डोळे पुसले होते, किंवा नुसता चेहरा पुसला होता, कळायला मार्ग नव्हता. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही किती वर्षं पळालात?"

"चार."

"फक्त चार?" पोरीला खरंच नवल वाटलं. शाळेच्या कपाटात सकीना मॅडमच्या तरुणपणाचा एक फोटो होता, त्याखाली पदकं; पोरींना वाटे, त्या जन्मभर पळत असतील. "मग? हरलात?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग थांबलात कशाला?"

तिला सांगता आलं असतं, दुखापत झाली. बाकीच्यांना ती तसंच सांगायची. नवऱ्याला, म्हणजे जहांगीरलाही, तिनं तसंच सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्यानं लग्नानंतर तिला शिकवलं, क्रीडाशिक्षिका केलं, पण तिचा पाय दुखेल ह्या भीतीनं पुन्हा पळ असं कधी म्हटलं नाही. पण समोरची पोर आत्ताच तिच्याशी खरं बोलली होती, आणि त्याचं एक विचित्र दडपण आलं होतं. सकीना पुढच्या बाकाच्या पाठीकडे बघत बोलली. "राज्याला पहिली आले. पदक घेऊन घरी गेले. अब्बा गादी शिवत होते. मी पदक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी सुई बाजूला ठेवली, हात पुसले, पदक उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, बहोत हो गया बेटा. अब बस." ती थांबली. "रागावून नाही. प्रेमानं म्हणाले. जेवायला गोड केलं होतं त्या दिवशी."

"पण तुम्ही तर जिंकला होतात."

"हो."

"ते म्हणाले होते ना, जिंकली तर..." मंतशाला ती गोष्ट माहीत होती, मोहल्ल्यात सगळ्यांनाच माहीत होती, जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जायची, तिथपर्यंतच.

"म्हणाले होते." सकीना म्हणाली. "हरले असते तरी बसले असते. जिंकूनही घरीच बसले."

हे वाक्य छत्तीस वर्षांत तिनं स्वतःशीही पूर्ण केलं नव्हतं. ते असं एसटीत, मागच्या चाकावर, एका सोळा वर्षांच्या पोरीपुढे पूर्ण झालं, आणि त्याच्या पाठोपाठ ते दुसरं आलं, जे ती बोलली नाही: मग कुंदाला कशासाठी पाडलं? ज्या दारासाठी पाडलं ते दार तर लागायचंच होतं. दोघींचंही. एकीचं दोन-तीन वर्षं आधी, एवढाच काय तो फरक. खिडकीची काच मागे सारायला तिनं मंतशाच्या अंगावरून हात टाकला आणि वारं आत आलं, कापसाच्या काडक्यांचा, धुळीचा, कुठेतरी जळणाऱ्या पाचटाचा वास घेऊन.

मंतशानं मोबाइल पुन्हा उचलला नाही. बांभोरीचा पूल आला, गिरणेचं वाळूचं पात्र खालून गेलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमचे अब्बा मला भेटले असते ना, तर मी भांडले असते." आणि मग, एकदम आठवल्यासारखं, "पण मॅडम, पळायला आवडायचं का तुम्हाला?"

"काय प्रश्न आहे हा!" सकीना फटकन म्हणाली.

पण प्रश्न राहिला. ती शोधू लागली. मैदान आठवलं, चुन्याच्या रेघा आठवल्या, पिस्तुलाचा बार, ओढणीची गाठ, तोंडातला लोखंडासारखा स्वाद. आवडणं त्यात कुठे बसवायचं ते कळेना. श्वास घेणं आवडतं का असं पाण्यात बुडणाऱ्याला विचारावं, तसं काहीतरी. प्रेमराज सर ज्याला आग म्हणत होते ती हीच, आणि ती नसल्याबद्दल ती दोन वर्षं ह्या पोरीवर चिडत आली होती. आता तिला पोरीचा राग येत होता की हेवा वाटत होता, हेही धड ठरेना. आणि त्यातही एक हट्टी आवाज म्हणतच होता, तरीपण अर्धं पाऊल सरकायला काय झालं होतं? तो आवाज बंद होत नव्हता. बहुधा होणारही नव्हता.

जळगावच्या स्टँडवर हसीब उभा होता. पोरगी उतरताच त्यानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. "कितवी?" "दुसरी, अब्बू. दोन एकवीस." "दोन एकवीस!" तो सकीनाकडे वळून म्हणाला, "मॅडम, तीन सेकंद कम!" घरात सगळ्यांना आकडे पाठ होते तर. सकीना नुसती हुंकारली. बॅगा मोटारसायकलला अडकवल्या गेल्या, मंतशा मागे बसली, हसीबनं गाडी सुरू केली, आणि सकीना अचानक दोन पावलं पुढे झाली. तिचा हात मंतशाच्या दंडावर गेला, जरा जास्तच घट्ट.

"उद्या येशील ना?"

आपला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. त्यात काकुळती होती. इंजिनाच्या आवाजात मंतशाला नीट कळलं नसावं, म्हणून तिनं कान पुढे केला, आणि सकीनाला ते पुन्हा म्हणावं लागलं. "उद्या सकाळी. तलावावर. येशील ना?"

मंतशा तिच्याकडे बघत राहिली. प्रश्न तिला ऐकू आला होता, पण कळत नव्हता. तिनं बापाच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा सकीनाकडे पाहिलं, भुवया जवळ आणल्या.

"का नाही येणार, मॅडम?"